जुन्या हायब्रिड गाडीला मोठी बॅटरी बसवून ती प्लग-इन करावी का?

संथचालक (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस आहे, म्हणजे २००४ ते २००९ या काळातल्या मालिकेतली. इंजिनाची काहीच तक्रार नाही, पण मूळची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी थकली आहे. चढावर पडद्यावरचे चार्जचे पट्टे भराभर उतरतात आणि उतारावर तितक्याच भराभर चढतात; क्षमता घटल्याचे हे ठरलेले लक्षण आहे, एवढे वाचून कळले आहे. बॅटरी बदलणे आता टळणार नाही. मग तेवढीच सव्वा युनिटाची बॅटरी पुन्हा बसवण्यापेक्षा पाच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवून, ती रात्री घरच्या सॉकेटवर चार्ज होईल अशी सोय करून, गाडी प्लग-इन हायब्रिडच का करून घेऊ नये, असा विचार गेले दोन महिने डोक्यात घोळत आहे.

रोजचा प्रवास जाऊन-येऊन ३६ किलोमीटर आहे. त्यातले जाताना सहा आणि येताना सहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने होतात, बाकी सगळा सिग्नल आणि गर्दीचा रस्ता. सध्या लिटरला सरासरी २० किलोमीटर मिळतात.

मी केलेला हिशेब असा: मूळ बॅटरी २०१.६ व्होल्टची आहे. ३.२ व्होल्टचे ६४ सेल एकापुढे एक जोडले की २०४.८ व्होल्ट होतात, म्हणजे दाब जवळपास जुळला. सेल २५ अॅम्पिअर-तासांचे घेतले तर पाच युनिटांच्या थोडी वर साठवण होते. किलोमीटरला १४० वॉट-तास धरले, तर रोजचा सगळा प्रवास पेट्रोलशिवाय व्हायला हवा. हा हिशेब कोठे चुकतो आहे का, आणि कामाला हात घालण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

दंतचक्र

आपण बॅटरीचा हिशेब केला आहे, गिअरबॉक्सचा केलेला नाही. आणि या गाडीत खरी मेख तिथेच आहे.

प्रियसमध्ये नेहमीसारखा गिअरबॉक्स नसून ग्रहमालेसारख्या रचनेचा एकच दंतचक्रांचा संच आहे. मधल्या सूर्यचक्राला ३० दाते आणि त्यावर लहान जनित्र. बाहेरच्या कड्याला ७८ दाते, त्यावर मोठी मोटर आणि तेथूनच चाकांकडे जाणारी जोडणी. आणि या दोहोंमध्ये फिरणारी छोटी चक्रे ज्या चौकटीत बसवली आहेत, ती चौकट इंजिनाला जोडलेली. इंजिन थांबलेले असताना गाडी पुढे गेली, की कडे फिरते आणि सूर्यचक्राला उलट दिशेने त्याच्या २.६ पट वेगाने फिरावे लागते. गाडीचा वेग वाढेल तसा जनित्राचा उलटा वेगही वाढतो, आणि ताशी सुमारे ६७ किलोमीटरवर तो संगणकाने आखलेल्या मर्यादेला टेकतो. त्यापुढे जनित्राला वाचवण्यासाठी इंजिन फिरवण्याशिवाय गाडीपुढे पर्याय उरत नाही. पायाखाली पेडल अगदी हलके असेल तर ती इंजिन पेट्रोल न देता नुसते फिरवू शकते, पण साधा वेग टिकवायचा म्हटला तरी पेट्रोल जळू लागते. डिकीत पाचाऐवजी पन्नास युनिटांची बॅटरी ठेवली, तरी दातांची ही गणिते बदलत नाहीत. आपले ताशी ८० चे बारा किलोमीटर इंजिनासहच होणार, हे धरून चाला.

दुसरी मर्यादा शक्तीची. मोटर ५० किलोवॉटची आहे खरी, पण मूळ बॅटरीतून सुमारे २१ किलोवॉटच घेऊ द्यायचे, असे गाडीच्या संगणकात बसवलेले आहे. सिग्नल सुटल्यावर जरा जोरात निघालात की मागणी त्यापलीकडे जाते आणि इंजिन सुरू होते. जपान आणि युरोपातल्या गाड्यांना विजेवर चालण्याचे वेगळे बटण दिलेले होते, अमेरिकेतल्या गाड्यांना ते नव्हते. आणि ते बटण दाबले तरी ताशी ५५ च्या आसपास गाडी स्वतःहून त्यातून बाहेर पडते. तिसरी गोष्ट हिवाळ्याची: केबिनला ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते, त्यामुळे हीटर लावला की बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालू होते. वातानुकूलनाचे तसे नाही, कारण या पिढीत त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो.

कारखान्यातून निघालेल्या प्लग-इन गाड्यांकडे पाहिले, की हा मुद्दा नीट ध्यानात येतो. टोयोटाने २०१२ मध्ये ४.४ युनिटांची प्लग-इन प्रियस आणली, तेव्हा निव्वळ विजेवरचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत नेला. प्रियस प्राइम या पुढच्या प्लग-इन गाडीत बॅटरी ८.८ युनिटांची झाली, पण माझ्या मते त्याहून मोलाचा बदल होता तो इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला एकदिशी क्लच. त्यामुळे इंजिन जागच्या जागी अडकून राहते, जनित्रही मोटरच्या जोडीने चाके फिरवू शकते आणि विजेवरचा वेग ताशी १३५ पर्यंत जातो. तो क्लच आपल्या गाडीत नाही आणि गॅरेजमध्ये बसवण्यासारखाही नाही.

येथे येणाऱ्या इतरांसाठी एक जाता जाता: होंडाच्या जुन्या आयएमए पद्धतीच्या हायब्रिड गाड्यांत मोटर थेट इंजिनाच्या दांड्यावर असते. चाके मोटरवर फिरत असली तरी इंजिन सोबत फिरतेच. अशा गाडीला मोठी बॅटरी लावून हाती येते ते अधिक काळ टिकणारे साहाय्य. प्लग-इन हायब्रिड त्यातून होत नाही.

अठ्ठावीस_मॉड्यूल

दंतचक्र यांचे म्हणणे बरोबर आहे, पण आपल्या ६४ सेलांना त्याआधीच अडचण येईल.

या गाडीच्या मूळ बॅटरीत २८ मॉड्यूल असतात, प्रत्येकात सहा सेल, म्हणजे एकूण १६८. बॅटरीवर देखरेख करणारा संगणक दोन-दोन मॉड्यूलांचा एक गट धरून १४ गटांचे व्होल्ट स्वतंत्रपणे मोजतो आणि एखादा गट इतरांपेक्षा वेगळा वागू लागला की बॅटरी बदलण्याचा इशारा देतो. मूळ बॅटरी काढून तिच्या जागी नवी ठेवायची असेल, तर या संगणकाला १४ सारखे गट दाखवावे लागतात. ६४ ला १४ ने भाग जात नाही. गटाला पाच सेल धरले तर ७० सेल आणि २२४ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर, सेलमागे ३.६५ व्होल्ट धरून, साधारण २५५ व्होल्ट. एका गटात मूळ बारा निकेल सेल असतात आणि जोरात चार्ज होताना तो गट १७ व्होल्टांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतले तर पाच लिथियम सेलांचा १६ ते १८ व्होल्टांचा गट संगणकाच्या ओळखीच्या पट्ट्यात बसतो. म्हणून या गाडीसाठी ७० हा आकडा ६४ पेक्षा पुष्कळ सोयीचा ठरतो.

याहून गंभीर प्रश्न सेलच्या जातीचा आहे. गाडी २१ किलोवॉट मागते तेव्हा २०० व्होल्टांच्या बॅटरीतून शंभराहून अधिक अॅम्पिअर वाहतात. मूळची साडेसहा अॅम्पिअर-तासांची बॅटरी हा झटका सहन करते, कारण तिचे सेल मुळातच मोठ्या प्रवाहासाठी घडवलेले आहेत. आपण २५ अॅम्पिअर-तासांचे सेल घेतले, तर त्यांच्या क्षमतेच्या चौपट प्रवाह त्यांना द्यावा लागेल, आणि बाजारात स्वस्त मिळणारे चौकोनी सेल बहुधा सौरविजेच्या साठवणीसाठी बनवलेले असल्यामुळे क्षमतेइतक्या किंवा त्याच्या निम्म्या प्रवाहापुरतेच योग्य असतात. शिवाय ब्रेक लावताना तितकाच मोठा प्रवाह उलटा बॅटरीत शिरतो आणि चार्ज घेण्याची सेलची मर्यादा ही देण्याच्या मर्यादेपेक्षा सहसा कमीच असते. अशा सेलांची बॅटरी कागदावर पाच युनिटांची दिसेल, प्रत्यक्षात मात्र जोर लावताच तिचे व्होल्ट कोसळतील आणि सेल तापतील. खरेदी करताना माहितीपत्रकात किती अॅम्पिअर-तास लिहिले आहेत, यापेक्षा सलग किती प्रवाह देता आणि घेता येतो ती ओळ आधी वाचावी.

आता पद्धतींविषयी. रूढ पद्धती तीन आहेत. पहिली आपल्या मनातली: मूळ बॅटरी काढून मोठी बसवणे. दुसरी म्हणजे मूळ बॅटरी जागेवर ठेवून तिला समांतर दुसरी मोठी बॅटरी जोडणे. हायमोशन या कंपनीचा पाच युनिटांचा संच याच धर्तीचा होता आणि तो स्टेपनीच्या खड्ड्यात बसत असे. ती कंपनी २००७ मध्ये ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने घेतली आणि सेलही त्यांचेच, मोठा प्रवाह पेलणारे होते. तिसरी पद्धत स्वस्तातली: ४८ व्होल्टांची वेगळी बॅटरी ठेवायची आणि एका कन्व्हर्टरमधून मूळ बॅटरीला संथपणे वीज पाजत राहायचे. झटके मूळ बॅटरीच सोसते, त्यामुळे साधे सेलही चालतात. पण कन्व्हर्टर काही किलोवॉटांचाच असतो आणि मूळ बॅटरी धडधाकट असावी लागते. आपली थकलेली आहे, म्हणून तिसरी पद्धत आपल्यासाठी बाद. दुसरीलाही तीच अट थोड्याफार प्रमाणात लागू पडते.

कोणतीही पद्धत घेतली तरी गाडीच्या मुख्य संगणकाशी थोडे खोटे बोलावे लागते. तो आपली बॅटरी ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान, शक्यतो ६० च्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करतो. बॅटरी साठपेक्षा बरीच वर आहे असे त्याला कळले, की तो विजेचा वापर वाढवतो. म्हणून जोडलेला नियंत्रक खरी टक्केवारी लपवून सत्तरच्या पुढची एक ठरावीक टक्केवारी त्याला सांगत राहतो, आणि मोठी बॅटरी रिकामी होत आली की खोटे बोलणे थांबवतो. त्यानंतर गाडी पुन्हा साध्या हायब्रिडसारखी चालते. खोटे बोलण्यातही प्रमाण हवे. ८० टक्क्यांच्या वर सांगितले तर गाडीला वाटते की बॅटरी ओसंडते आहे, मग ती ब्रेकमधली वीज घेणे बंद करते आणि जास्तीची वीज खर्च करण्यासाठी चक्क इंजिन फिरवत बसते.

जुना_सोबती

समांतर बॅटरी जोडलेली अशीच गाडी मी सहा वर्षे वापरली, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहितो.

ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक विद्यार्थ्यांना हाताशी धरून प्लग-इन गाड्या बनवत होते, तेव्हा मोटार कंपन्या आपल्या हायब्रिड गाड्यांना 'प्लग लावावा लागत नाही' हेच त्यांचे वैशिष्ट्य म्हणून मिरवत असत. फेलिक्स क्रेमर यांनी स्थापलेल्या कॅलकार्स या गटाने २००४ मध्ये एका प्रियसमध्ये लेड-अॅसिड बॅटऱ्या घालून ती सॉकेटवर चार्ज करून दाखवली. लेड-अॅसिड किलोला ३० ते ४० वॉट-तासच साठवते, म्हणजे पाच युनिटांसाठी सव्वाशे किलोंच्या पुढचे ओझे, आणि मोठ्या प्रवाहात तीही क्षमता पुरती हाती येत नाही. पण कंपन्या जे अव्यवहार्य म्हणत होत्या, ते गॅरेजमध्ये होऊ शकते हे त्यातून सिद्ध झाले, आणि माझ्या दृष्टीने त्या गाडीचे महत्त्व तेवढेच आहे. २००८ च्या अखेरीस बीवायडीची एफ३डीएम आणि २०१० मध्ये शेव्हर्ले व्होल्ट या प्लग-इन गाड्या बाजारात आल्या. त्यानंतर रूपांतराचा धंदा हळूहळू ओसरला, कारण त्याने जे मागितले होते ते कारखान्यातूनच मिळू लागले.

माझ्या गाडीविषयी. पहिले वर्ष मी हरखून गेलो होतो. गर्दीच्या रस्त्यावर, पाय आवरून चालवली तर, सकाळी इंजिन तापवण्याचे काही मिनिटांचे काम आटोपल्यावर ती तासभर इंजिनाशिवाय फिरत असे. बायको चालवायला बसली की तोच आकडा निम्म्यावर येई, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ती साध्या गाडीसारखी गाडी चालवत होती आणि साध्या माणसाने तशीच चालवायची असते. प्लग-इन रूपांतराचे जे मोठमोठे आकडे तेव्हा सांगितले जात, ते पेडलवर अंडे ठेवल्यासारखे चालवणाऱ्यांचे होते. सहा वर्षांची माझी सरासरी काढली, तर पेट्रोल आधीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी लागले.

तिसऱ्या वर्षी डिकीतून गरम प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. ज्या गॅरेजने काम केले होते तेथे 'नव्या सामानाचा वास असतो' असे सांगून मला परत पाठवले. दुसऱ्या जाणकाराकडून उघडून घेतल्यावर दिसले की दोन सेलांमधल्या पट्टीचा बोल्ट सैल होऊन पट्टी काळी पडली होती. सैल जोडाचा रोध वाढतो, त्यातून शंभर अॅम्पिअर गेले की जोड तापतो, तापून अधिक सैल होतो, आणि हे चक्र थांबत नाही. २००८ च्या जूनमध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात एका रूपांतरित प्रियसने रस्त्यावर पेट घेतला होता, आणि त्याच्या चौकशीतही बॅटरीतले बोल्टचे जोड नीट न आवळल्याचेच निष्पन्न झाले. रसायनाला दोष देण्याआधी पाना तपासावा, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळलेला आणि त्यावर रंगाची खूण केलेली असावी, म्हणजे तो हलला तर डोळ्यांना दिसतो.

किरकोळ तक्रारीही होत्या. स्टेपनी गेली. मागच्या स्प्रिंगवर कायमचे ऐंशी-नव्वद किलो आले, त्यामुळे मागे तीन माणसे बसली की गाडी बुडाशी घासे.

नारिंगी_वायर

उच्च दाबाच्या बॅटऱ्यांवर काम करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे मी फक्त सुरक्षेपुरते लिहिते, आणि थोडे कडक लिहिते.

६० व्होल्टांच्या पुढचा एकदिश (डीसी) प्रवाह माणसासाठी धोकादायक धरला जातो. येथे आपण अडीचशे व्होल्टांविषयी बोलत आहोत. घरातला प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून त्याची ठिणगी विझण्याची शक्यता असते. एकदिश प्रवाहाची ठिणगी एकदा धरली की ओढलेल्या तारेमागे ताणत जाते. घरच्या विजेसाठीचा फ्यूज किंवा स्विच येथे वापरू नये. त्यावर एकदिश प्रवाहाचे व्होल्ट स्पष्ट लिहिलेले असले पाहिजेत. हजार व्होल्टांसाठी प्रमाणित रबरी हातमोजे, बॅटरीचे मंडल तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावर किमान दहा मिनिटांची वाट आणि त्यानंतरही मीटरने शून्य व्होल्ट पाहिल्याशिवाय हात न घालणे, यात कोणतीही सवलत नाही.

रूपांतरित गाड्यांत मला वारंवार दिसणारी चूक वेगळीच आहे. मूळ गाडीचा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढला की मूळ बॅटरी मधोमध तुटते; अपघातात एअरबॅग उघडली की मुख्य रिले आपोआप सुटतात. पण नंतर जोडलेल्या बॅटरीला यातले काहीच माहीत नसते. अपघातानंतर मदतीला आलेला माणूस आपल्या प्रशिक्षणाप्रमाणे प्लग ओढतो आणि गाडी मृत झाली असे समजून पत्रा कापायला घेतो, तेव्हा दुसरी बॅटरी तारांमध्ये जिवंत असते. म्हणून जोडलेल्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे रिले, मूळ रिलेच्या आज्ञेतच चालले पाहिजेत, तिला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा तोडणारा प्लग हवा, आणि गाडीवर बाहेरून दिसेल असा ठळक फलक हवा.

कॉन्टॅक्टर जोडला जाण्यापूर्वी एका रोधकातून इन्व्हर्टरचे (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या यंत्राचे) कपॅसिटर हळूहळू भरावे लागतात. ही पायरी गाळली की पहिल्याच ठिणगीत कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटू शकतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे कधीच न बंद होणारी बॅटरी. चार्जर विद्युतदृष्ट्या विलग असावा, कारण उच्च दाबाची एकही तार या गाडीच्या पत्र्याला जोडलेली नसते आणि जराशी गळती झाली तरी गाडी ती ओळखून इशारा देते. तो इशारा तात्पुरता पुसून पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत. चार्जरची तार लावलेली असताना गाडी चालूच होऊ नये, अशी सोय करणे सोपे आहे आणि तरीही विसरले जाते. प्रत्येक सेलचे व्होल्ट आणि निदान काही ठिकाणचे तापमान मोजणारी यंत्रणा नसेल, तर पुढचे काहीच करू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल शून्य अंशांखाली चार्ज करू नयेत, कारण तेव्हा लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचते आणि सेल आतून कायमचा बिघडतो. आणि या गाडीत 'चार्ज' म्हणजे फक्त रात्रीचा प्लग नव्हे, थंडीतल्या सकाळी लावलेला पहिला ब्रेकसुद्धा त्यातच आला.

स्टेपनीच्या खड्ड्याविषयी: ती जागा सोयीची आहे, पण मागून धडक बसली तर चेपण्यासाठी ठेवलेला भाग तोच आहे. मागच्या सीटच्या पाठीशी, मूळ बॅटरीच्या शेजारी जेवढे बसेल तेवढेच बसवावे. सीटशेजारची, बॅटरी थंड ठेवायला हवा घेणारी जाळी मात्र झाकू नये.

संथचालक

सर्वांचे मनापासून आभार. ६४ सेलांची यादी मी कालच बाजूला ठेवली. आता प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारतो: ७० सेलांची, मोठा प्रवाह पेलणारी पाच युनिटांची बॅटरी, योग्य माणसाकडून सगळी काळजी घेऊन बसवली, तर माझ्या प्रवासात प्रत्यक्ष किती पेट्रोल वाचेल?

हिशेबी

पैशांत न जाता लिटरमध्ये मोजू या. भाव बदलतात, लिटर बदलत नाहीत.

आपली गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. विजेवर ती किलोमीटरला साधारण १६० वॉट-तास खाते. आपले १४० थोडे आशावादी आहेत. म्हणजे एका लिटरच्या अंतराला बॅटरीतून ३.२ युनिट लागतात. पडताळा असा: लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते आणि या गाडीचे इंजिन त्यातली साधारण पस्तीस टक्के कामाला लावते, त्याचे उत्तरही सव्वातीनच्या आसपास येते. चार्जर आणि बॅटरीतली तूट धरली तर सॉकेटमधून पावणेचार युनिट.

पाच युनिटांच्या बॅटरीतले चार वापरायचे ठरवले तर दिवसाला जास्तीत जास्त सव्वा लिटर वाचेल. हा कमाल आकडा झाला आणि तो गाठता येत नाही. रोज सकाळी इंजिन उत्प्रेरक (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवण्यासाठी सुरू होणार. ताशी ८० वर बॅटरी मदत करील, पण तिने भार उचलला की इंजिन हलक्या भारावर येते आणि हलक्या भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणून तेथे खर्च केलेले एक युनिट गर्दीत खर्च केलेल्या युनिटाइतके पेट्रोल वाचवत नाही. मी दिवसाला ०.८ लिटर धरीन. वर्षाचे २५० दिवस म्हणजे २०० लिटर, आणि आपला कामाच्या प्रवासाचा एकूण खर्च वर्षाला ४५० लिटर आहे. जुना_सोबती यांच्या एक तृतीयांशापेक्षा हे थोडे उदार आहे, पण आपले बरेचसे अंतर कमी वेगाचे आहे.

आता दुसरी बाजू. बॅटरी तर बदलावीच लागणार आहे, त्यामुळे रूपांतराचा सगळा खर्च न धरता, मूळ आकाराची चांगली बॅटरी बसवण्याचा खर्च त्यातून वजा करून जो जादा खर्च उरतो, तोच २०० लिटरशी ताडून पाहावा. त्या जादा खर्चात दोन हजार लिटर पेट्रोल येत असेल, तर वसुलीला दहा वर्षे लागतील, आणि तीही विजेचे बिल न धरता. गाडी आताच पंधरा वर्षांच्या पुढची आहे.

आणि तितक्याच खर्चात एखादी वापरलेली, कारखान्यातूनच प्लग-इन म्हणून निघालेली गाडी मिळते का, हे आधी पाहावे. ८.८ युनिटांच्या प्राइमला अमेरिकी चाचणीत विजेवर ४० किलोमीटरचा पल्ला मिळाला होता, आणि आपले ताशी ८० चे तुकडेही तीत विजेवर होतील.

संथचालक

हिशेब पटला. तूर्त मूळ आकाराचीच, १४ गटांची नवी बॅटरी बसवून घेतो आणि वापरलेल्या प्लग-इन गाड्या पाहायला सुरुवात करतो. एक शंका उरली: अशा गाडीत इंजिन आठवडेच्या आठवडे फारसे चाललेच नाही, तर त्याचे काही नुकसान होते का?

दंतचक्र

कारखान्यातल्या प्लग-इन गाडीत याचा विचार केलेला असतो. बरेच दिवस इंजिन चालले नाही तर काही गाड्या ते स्वतःहून सुरू करतात. रूपांतरित गाडीत मात्र दोन त्रास खरे आहेत. इंजिन थोडे चालून थांबते आणि उत्प्रेरक पुन्हा थंड होतो, म्हणजे दिवसातून अनेकदा थंड इंजिनाचा धूर. दुसरा कमी ठाऊक असलेला: पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात साठते आणि इंजिन चालताना ती ओढून जाळली जाते, इंजिन पुरेसे चालले नाही तर डबा भरतो आणि वाफ बाहेर पडते. कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाने २००९ मध्ये अशा रूपांतरांसाठी प्रमाणपत्राचे नियम आणले, त्यामागे याच चिंता होत्या. वापरलेली गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन तेलाच्या नोंदी तारखेनुसार तपासा, केवळ किलोमीटरनुसार नव्हे. कमी चाललेल्या इंजिनाच्या तेलात पाणी आणि पेट्रोल साचलेले असू शकते.